भुरीसमोर प्रकट वाचन

आमच्या तिसरीतली तेवीसच्या तेवीस मुलं आता घडाघडा वाचतात. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आमचे मुख्याध्यापक रतिलाल सरही तसंच समजतात. कारण अहवालात 'शंभर टक्के वाचन' लिहिलं की खाली रकाना येतो, 'कसे साध्य केले?' आणि त्या रकान्यात म्हैस मावत नाही.

मी मूळचा जळगावच्या मेहरूणचा, नोकरी धरणगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत. पहिलीच नेमणूक, त्यामुळे अंगात जोर फार. ऑगस्टच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुख नवल साहेबांनी विचारलं, वाचनात मागे किती? मी ताडकन उभा राहिलो. "फक्त एक मुलगी, साहेब. पंधरा दिवस द्या!" साहेबांनी डायरीत माझं नाव लिहिलं. साहेबांच्या डायरीत गेलेलं नाव आणि विहिरीत पडलेली बादली, दोन्ही गळ टाकल्याशिवाय निघत नाहीत.

ती एक मुलगी म्हणजे मोनाली. अक्षरं सगळी येत होती. वर्गात एकटी असली की फळ्यावरचं वाचायचीही. पण कुणी ऐकतंय म्हटलं की तोंडाला कुलूप. तिला हवं होतं एवढंच, की परिपाठाला सगळ्या शाळेसमोर उभं राहून बोधकथा वाचायची. बाकी बावीस जणांच्या पाळ्या दोन-दोनदा येऊन गेल्या. हिची पाळी आली की पोट दुखतंय म्हणून ही घरी. दुखायचंही खरंच.

मी चित्रकार्डं केली, बाटल्यांच्या झाकणांवर अक्षरं लिहिली. पंधरा दिवस संपले, दिवाळीही संपली. मग डोक्यात प्रकाश पडला. अडचण वाचणारीची नाही, ऐकणाऱ्याची आहे! चुका न काढणारा श्रोता हवा. आधी रतिलाल सरांना बसवलं. ते दुसऱ्या ओळीला झोपले, पण झोपेतही मान 'नाही, नाही' अशी हलत होती. मग खिचडी शिजवणाऱ्या भागाबाईंना बसवलं. त्या दर शब्दाला विचारायच्या, जेवलीस का? शेवटी मोनालीनेच पायाच्या अंगठ्याकडे बघत सुचवलं, "सर, भुरीला वाचून दाखवू?"

भुरी म्हणजे तिच्या आजीची, बेबाबाईंची म्हैस. मी लगेच मान्यता दिली. रतिलाल सर म्हणाले, "गाढवापुढे वाचली गीता, इथवर ऐकलं होतं. तुम्ही पुढच्या इयत्तेत गेलात."

गृहपाठ ठरला, सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी एक पान. वहीत मी 'श्रोत्याची सही' असा रकाना आखून दिला. तिथे रोज शेणाचा ठिपका यायचा. मी तो ग्राह्य धरला.

महिन्याभरात बेबाबाई चरवीभर दूध घेऊन शाळेत हजर. भुरीसारखी नाठाळ म्हैस गावात नाही. सरकीची ढेप पुढ्यात ठेवा, पारडू सोडा, पाठ थोपटा, मनात आलं तरच पान्हा सोडणार. पण मोनालीने शेजारी बसून "का… व… ळा…" सुरू केलं की एकेका अक्षराला एकेक धार. जोडाक्षर आलं की मोनाली थांबायची, आजीचा हात थांबायचा आणि म्हैसही मान वळवून वाट बघायची. बेबाबाईंनी मला तोंडभर आशीर्वाद दिले. मी आशीर्वादही ठेवून घेतले आणि चरवीही.

फेब्रुवारीत घात झाला. मोनाली वाचायला लागली. एका दमात आख्खं वाक्य! तिसऱ्या दिवशी बेबाबाई पुन्हा आल्या. यावेळी हातात चेपलेली बादली.

"मास्तर, तुम्हीन मन्ही पोर बिघाडी टाकी. आते ती धडधड वाचस, आनि म्हैस लाथ मारस."

मी समजावलं, अक्का, ही प्रगती आहे.

"कोनी प्रगती शे? पोरनी का म्हैसनी?"

याचं उत्तर आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. तोडगा रतिलाल सरांनी काढला, घरी अडखळत वाचायचं, शाळेत घडाघडा. तीस वर्षं सरकारी नोकरी केल्याशिवाय असं सुचत नाही. मोनालीने दोन आठवडे ते पाळलं, पण एकदा मला हळूच म्हणाली, "सर, येत असताना येत नाही असं वाचायला खूप वेळ लागतो."

मार्चात सकाळची शाळा सुरू झाली आणि नवल साहेबांचा निरोप आला, सोमवारी सातला, परिपाठालाच येतो. मी बोधकथा मोनालीला दिली. वाचली तर तिचं नाव मागे पडलेल्यांच्या यादीतून निघणार. नाहीतर ती यादीत आणि मी डायरीत, कायमचे. त्या दिवशी तेल लावून घट्ट वेण्या घालून मोनाली सव्वासहालाच शाळेत आली. घरी एकच गोष्ट राहून गेली, भुरीची धार.

प्रतिज्ञा संपली आणि फाटकातून बेबाबाई, बादली आणि भुरी अशा क्रमाने आत आल्या. बेबाबाईंनी भुरीला हातपंपाला बांधलं आणि बादली गुडघ्यांत धरून खाली बसल्या.

"मोना, वाच. पन पहिलेसारखं."

मोनालीच्या एका बाजूला यादी घेऊन साहेब, दुसऱ्या बाजूला बादली घेऊन आजी. मी आकाशाकडे बघत होतो. मोनालीने भुरीकडे बघितलं, वेणी मागे टाकली आणि वाचली. आख्खी बोधकथा, स्वल्पविरामालाही न थांबता! भुरीच्या लाथेने बादली पाचवीच्या रांगेपर्यंत गेली.

साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "पाठ करून घेतलंय." न वाचलेलं काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. चष्मा घाईत घरी राहिला होता. पुस्तक हातभर लांब धरून साहेब उतारा निवडायला लागले. "ए… का… गा… वा… चा…"

परत आणलेल्या बादलीत धार वाजली.

साहेब थांबले. धार थांबली.

"वाच भाऊ, थांबू नको," बेबाबाई म्हणाल्या.

साहेबांनी रतिलाल सरांकडे पाहिलं. रतिलाल सरांनी आदराने डोळे मिटून घेतले. साहेब वाचत राहिले. दुसऱ्या पानावर एका शब्दाशी अडकले. सगळी शाळा थांबली, म्हैस थांबली. मोनालीने टाचा उंचावून पुस्तकात डोकावलं.

"साहेब, ते 'कर्तव्यदक्ष' आहे."

आणि ती सरसर पुढचा परिच्छेद वाचायला लागली. भुरीने पाय उचलला. साहेबांनी घाईघाईने पुस्तक परत घेतलं आणि बादली काठोकाठ भरेपर्यंत स्वतःच वाचलं. मग खिशातली यादी उघडली. पहिल्या प्रयत्नात भलत्याच शाळेचं नाव खोडलं, दुसऱ्या प्रयत्नात मोनालीचं. त्याच दुधाचा चहा घेतला, हे कुठे बोलायचं नाही असं सांगितलं आणि गेले.

आता मोनाली दर मंगळवारी बोधकथा वाचते आणि अडखळायला साफ नकार देते. इतर मुलांना अडखळायला जमत नाही. बेबाबाई रोज सकाळी रिकामी बादली घेऊन माझ्या टेबलासमोर बसतात. नाइलाजाने मी शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज केला आहे. तो नियमाप्रमाणे नवल साहेबांच्याच मार्फत जाईल. शेवटचा परिच्छेद असा:

"सबब, मा. केंद्रप्रमुख यांची दररोज सकाळी व सायंकाळी, धारेच्या वेळी, आमच्या गावी प्रतिनियुक्ती करण्यात यावी, आणि सदर कालावधीत त्यांना चष्मा वापरण्यास सक्त मनाई करण्यात यावी, ही नम्र विनंती."