सात नंबरच्या पिंजऱ्यातला माणूस

आमच्या गावात कुत्रं किंवा मांजर दत्तक हवं असेल तर माणसाला आधी पंधरा दिवस प्राणी निवारा केंद्राच्या पिंजऱ्यात राहावं लागतं, आणि त्या मुदतीत एखाद्या जनावरानं पसंत केलं तरच त्याचं काम होतं. मी सोमवारी सकाळी दहाला सात नंबरच्या पिंजऱ्यात दाखल झालो. पिंजरा ऐसपैस होता, पाय लांब करून झोपता यायचं. खरं सांगायचं तर कचेरीत मला एकतीस वर्षं मिळालेल्या जागेपेक्षा तो मोठाच होता, आणि त्याचा पंखाही चालू होता.

माझं नाव मुकुंद तारळेकर. वय साठ. जमीन मोजणीच्या कचेरीत खिडकी नंबर दोनवर बसून निवृत्त झालो. लग्न केलं नाही. म्हणजे झालं नाही, पण आमच्या घरात 'केलं नाही' असं म्हणायची पद्धत आहे. थोरली बहीण अक्का आणि मी, दोघंच राहायचो. गेल्या फाल्गुनात अक्कानं वयाच्या बासष्टाव्या वर्षी भजनी मंडळातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांशी लग्न केलं आणि ती गडहिंग्लजला गेली. मी अक्षता टाकल्या, दोनदा जिलबी वाढून घेतली, घरी आलो, कुलूप काढलं आणि सवयीनं म्हणालो, "अक्का, चहा टाक." त्या दिवसापासून घर मला खायला उठलं. आपल्याला एकटं राहता येत नाही हे माणसाला विशीत कळावं, मला साठीत कळलं. कचेरीत असताना बायाबापड्यांना 'कागदपत्रं वेळेवर जमवावीत' असं मीच सांगत असे.

प्रत्येक पिंजऱ्यावर आतल्या माणसाची माहिती लिहिलेला पुठ्ठा टांगतात. ती जवळच्या नातेवाइकानं भरायची असते. अक्कानं ती फार प्रामाणिकपणे भरून पाठवली होती. 'नर. वय साठ. लसीकरण पूर्ण. चावत नाही. काहीही खातो, पण नावं ठेवून खातो. घोरतो. फुकटचे सल्ले देतो. फटाक्यांना घाबरतो.' फटाक्यांचं तिनं लिहायला नको होतं, कारण कुत्री नेमकी तिथंच थांबून वाचत.

अकरा ते पाच या वेळात जनावरं एकामागून एक पिंजऱ्यांसमोरून जात. केंद्रप्रमुख मुजावर मॅडम रजिस्टर घेऊन सोबत असत. जनावर पिंजऱ्यासमोर बसलं तर 'विचाराधीन'. आडवं झालं तर 'पसंत'. पिंजऱ्याच्या कोपऱ्यावर पाय वर केला तर 'नापसंत'. मांजरं मागे न बघता निघून गेली की तीच त्यांची नापसंती समजतात. पहिल्या दिवशी माझ्या कोपऱ्यावर चार नापसंत्या नोंदल्या गेल्या. संध्याकाळी मॅडमनी फिनेलची बाटली आत दिली आणि म्हणाल्या, "ज्याचं त्यानं पुसायचं असतं, तारळेकर."

पंधराव्या दिवशी पाचपर्यंत पसंती आली नाही, तर माणसाच्या डाव्या कानाला बारीक खाच पाडतात आणि त्याला जिथून आणलं तिथंच नेऊन सोडतात. खाच असलेल्या माणसाला पुन्हा अर्ज करता येत नाही. कानाचं मला एवढं वाटत नव्हतं. 'जिथून आणलं तिथंच' या शब्दांची मला धास्ती होती.

शेजारी आठ नंबरमध्ये चौगुले मावशी होत्या. जन्मभर यंत्रमागावर काम केलेली बाई. त्यांना मांजर हवं होतं. दुसऱ्या दिवशी साडेअकराला एक पांढरी मांजरी आली आणि त्यांच्या पिंजऱ्यापुढे सरळ आडवी झाली. मावशी पिशवी भरायला लागल्या. मी विचारलं, "मावशी, तुम्ही असं काय केलंत?"

"काय करायचंय बाबा? मी आपली तांदूळ निवडत बसले होते."

मग मीही वाण्याकडून तांदूळ मागवले. निवडता येत नसल्यानं सगळे पिंजराभर सांडले, आणि त्या दिवशी माझ्याकडे फक्त चिमण्या आल्या. चिमण्यांची पसंती ग्राह्य धरत नाहीत.

पाचव्या दिवशी मी निरोप समारंभात मिळालेली शाल अंगावर घेतली. एक तरणा काळा कुत्रा येऊन शाल हुंगू लागला. मी त्याला माझ्या सेवेचा तपशील सांगायला सुरुवात केली. डांबरगोळ्यांच्या वासानं तो तीनदा शिंकला आणि मग त्यानं पाय वर केला. मॅडम नोंद करत म्हणाल्या, "तारळेकर, तुम्ही जरा गप्प बसून बघता का?"

"गप्प बसायचं तर मला घर होतंच की," मी म्हणालो. मॅडमनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, पण रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता.

दहा दिवसांत सव्वीस नापसंत्या झाल्या. अकराव्या दिवशी आबा आले.

आबा म्हणजे नऊ वर्षांचा तांबूस गावठी कुत्रा. एका डोळ्यात मोतीबिंदू, चाल संथ. केंद्रात सगळे त्यांना अहोजाहो करत, कारण आजवर त्यांनी एकाही माणसाला पाय वर करून नापसंत केलं नव्हतं. बघायचे आणि शांतपणे पुढे जायचे. एकच्या सुमाराला ते माझ्या पिंजऱ्यापुढे आले, पुठ्ठा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला आणि बसले. दहा दिवसांत माझ्यापुढे कुणी बसलं नव्हतं.

मी तेव्हा खानावळीतून आलेला डबा उघडून पहिला घास तोंडात घातला होता. आणि एकतीस वर्षांचं वळण तोंडातून बाहेर पडलं. मान वर न करता मी म्हणालो, "जेवणाची सुट्टी आहे. अडीचनंतर या."

आबांनी ऐकून घेतलं. उठले आणि निघून गेले.

घास गिळल्यावर आपण काय बोललो ते माझ्या लक्षात आलं. मी गजाला धरून मॅडमना हाका मारल्या. त्या आल्या, पण नोंद झाली होती. 'माणसाने मुदत मागितली.'

"अहो मॅडम, ते आपलं सवयीनं गेलं तोंडातून. परत बोलवा ना त्यांना."

"असं कसं बोलवणार? मुदत तुम्ही मागितली. आता त्यांची पाळी चार दिवसांनी."

"म्हणजे पंधराव्या दिवशी?"

"हो. आले तर." मग त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण केलंत बघा."

पुढचे तीन दिवस मी गजाला टेकून बसून काढले. खिडकीच्या आतल्या बाजूला घड्याळ पळतं आणि बाहेरच्या बाजूला ते हलत नाही, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याकडून लेखी अर्ज मागितला असता. वांगी गावच्या एका म्हाताऱ्याला मी एका नकाशासाठी चौदा वेळा परत पाठवलं होतं. चौदाव्या वेळी तो मला म्हणाला होता, "साहेब, बरं दिसत न्हाई तुमचं. जेवत चला वेळेवर." त्या तीन दिवसांत मला तो म्हातारा सारखा आठवला, आणि स्वतःची लाज वाटली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला पिंजऱ्यात बसून कळलं.

पंधराव्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. चार वाजता आबा आले. आधी ते नऊ नंबरपुढे थांबले. तिथं दोघं नवरा-बायको डॉक्टर होते, बंगला, मागे पेरूची बाग, पुठ्ठ्यावर एक वाईट शब्द नाही. आबा त्यांच्यापुढे बसले आणि वीस-पंचवीस मिनिटं बसून राहिले. त्यांच्या जागी मी असतो तर केव्हाच आडवा झालो असतो. मग ते उठले आणि माझ्याकडे आले. साडेचार होत होते.

गप्प राहायचं असं मी ठरवलं होतं. पण आबा बसले आणि मला राहवलं नाही.

"आबा," मी म्हणालो, "त्या दिवशी चुकलंच माझं. माझ्याकडे बाग नाही. दोन खोल्या आहेत. मी बडबड करतो ते समोरच्यासाठी नाही, मला भीती वाटते म्हणून करतो. एकट्याला मला फार भीती वाटते. एवढंच आहे बघा."

आबांनी माझ्याकडे चांगल्या डोळ्यानं बघितलं. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. कोपऱ्यात खाच पाडणारे गृहस्थ हात धुऊन तयार होते. पाच वाजायला सहा मिनिटं असताना आबांनी पुढचे पाय लांब केले, एक सुस्कारा सोडला आणि ते आडवे झाले.

मला रडू आलं. खाच पाडणारे गृहस्थ पाणी घेऊन आले. मॅडमनी आबांचा पंजा शाईत बुडवून फॉर्मवर उमटवला आणि त्यांना म्हणाल्या, "पदरी पडलं आणि पवित्र झालं, आबा. सांभाळा आता." मग त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सहीला धरला. मी लोकांचे फॉर्म ओळ न् ओळ वाचून परत करणारा माणूस, पण स्वतःचा फॉर्म मी न वाचता सही करून दिला.

त्यामुळे कलम नऊ मला दारात कळलं. पसंत झालेला माणूस अर्जदाराच्या राहत्या जागी राहील. फॉर्मवर पंजा आबांचा, म्हणून अर्जदार आबा होते. त्यांची राहती जागा म्हणजे जुन्या एसटी स्टँडसमोर, बंद पडलेल्या रसवंतीच्या मागचा पत्र्याचा आडोसा.

मी माझ्या गल्लीच्या तोंडाशी जरा घुटमळलो. आबा थांबले नाहीत. मी त्यांच्या मागून गेलो.

आता तीन महिने झाले. आडोसा कोरडा आहे. सकाळी सहाला आबा मला फिरायला नेतात. उशीर झाला तर पायजम्याला धरून उठवतात. मी बोलतो, ते ऐकतात, आणि फार झालं की उठून दुसऱ्या कुशीवर होतात. आजूबाजूची कुत्री सुरुवातीला माझ्यावर भुंकत. आबांनी एकदा त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हापासून भुंकत नाहीत. दिवाळीत पहिला फटाका वाजला तेव्हा आबाच पत्र्याखाली माझ्याआधी शिरले, आणि मग मला फार लाज वाटली नाही.

परवा दुपारी अक्का आली. घरी कुलूप दिसलं म्हणून केंद्रात गेली होती, तिथून पत्ता घेऊन आली. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. आडोसा बघून तिनं डबा माझ्या हातात दिला.

"मुकुंदा, मी गेले म्हणून झालं का रे हे?"

"हो," मी म्हणालो. "आणि बरं झालं."

तिनं पदरानं डोळे टिपले. "वाळला नाहीस म्हणा. चार दिवस गडहिंग्लजला चल. हे आलेत गाडी घेऊन, स्टँडवर थांबलेत."

मला जावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू? मी आबांकडे बघितलं. ते उन्हात झोपले होते.

"थांब जरा," मी अक्काला म्हणालो. "उठले की विचारतो."

अक्कानं चप्पल काढली, माझ्या शेजारी पोत्यावर बसली आणि हळूच विचारलं, "'नाही' तर म्हणणार नाहीत ना?"