खांबेटेआजींचं छत

मिरजेच्या एका वृद्धाश्रमात ज्यांना भेटायला कोणी येत नाही, ते हळूहळू तरंगत छताला लागतात.

शलाका स्वतःच्या लग्नातले उरलेले लाडू वाटायला तिथे गेली, तेव्हा खांबेटेआजी हॉलच्या छताला पाठ टेकून विणकाम करत होत्या. लोकरीचा गुंडा खाली खुर्चीवर होता.

"त्यांचा लाडू काठीला बांधून देतो," व्यवस्थापक डिंगणकर म्हणाले. "सोमवारी मात्र इथे पंखे बसणार. आजींना अंगणात हलवावं लागेल."

"पण अंगणाला छत नाही."

"नाही ना. समितीला कळवलंय. समिती म्हणते, मोकळी हवा चांगली."

"ओढून खाली नाही घेता येत?"

"घेतो की. सोडलं की परत. त्यांचं स्वतःचं माणूस यावं लागतं. लाडूवाले त्यात धरत नाहीत."

शलाकाला हे समजत होतं. लग्न होऊन मिरजेत आल्यापासून तिच्याही टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. नवरा सकाळीच बँकेत जाई. मग दिवसभर बोलायला कुकर. घरी तिने हे सांगितलं नव्हतं. नव्या सुनेने आल्या आल्या काय तक्रारी करायच्या!

"हिरवा चुडा दिसतोय," वरून आवाज आला. "कोणाची गं तू?"

"इथली अजून कोणाचीच नाही, आजी."

"डिंगणकर, ओटी भरलीत का हिची?"

"नियमात नाही, आजी."

"नियमात नाही म्हणे! पहिल्यांदा दारात आलेली पोर रिकामी जाणार?" आजींनी सुया अंबाड्यात खोचल्या. "पण मी सवाष्ण नाही, बाळ. चालेल तुला?"

शलाकाने ओढणी पसरली. "चालेल. पण तिथून नको, तांदूळ सांडतील."

हे आजींना पटलं. पडद्याला धरून त्या खाली उतरल्या आणि तडक स्वयंपाकघरात गेल्या. तांदूळ आणि नारळ घेऊन आल्या. मूठ मूठ तांदूळ ओढणीत पडू लागले, तशा शलाकाच्या टाचा खाली आल्या. ती नमस्काराला वाकली आणि तिने बराच वेळ डोकं वर उचललं नाही.

डिंगणकर काठी घेऊन तयारीत उभे होते. आजींचे पाय फरशीवरून सुटले नाहीत.

"भेटीला कोण आलं म्हणून सांगू समितीला?"

"माहेरवाशीण," आजी म्हणाल्या.

"मग पंखे बसवायला हरकत नाही," डिंगणकर म्हणाले आणि त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली.

नारळ सावरत शलाका बाहेर पडली. तिच्या चपला फटफट वाजत होत्या, मिरजेत पहिल्यांदाच. तो आवाज ऐकत ती लांबच्या रस्त्याने घरी गेली.