परवडणारी तपासणी

एका जंगलात, बाळांनो, एक लाजरा आजार होता. लाजरा म्हणजे असा, की तो जोडीजोडीने यायचा आणि आल्याचं कुणीच कबूल करायचं नाही. तो नेमका कसा यायचा, हे आईबाबांना विचारा. त्यांना एकदम काहीतरी काम आठवेल.

झालेल्याला काही कळायचं नाही. दुखत नसे, खुपत नसे. पिल्लं मात्र आंधळी जन्मायची.

जंगलात साळूबाई नावाची साळिंदर वैद्यीण होती. ती आपल्याच काट्याने टोचून रक्ताचा थेंब पानावर घ्यायची. पान निळं झालं, की आजार आहे. मग तीन दिवस एक कडू मूळ चघळायचं, की आजार पळाला. तपासणीची फी एक आवळा.

रंभा नावाच्या भेकरीला दिवस गेले होते. तिचं पहिलं पाडस आंधळं जन्मलं होतं. आता तिला फार भीती वाटत होती. ती दरबारात गेली.

"महाराज, सगळ्यांचीच तपासणी करा. मी एकटी गेले तर लोक नावं ठेवतील."

सिंहमहाराज जांभई देत म्हणाले, "परवडतंय का?"

खर्चसचिव कोल्हेसाहेबांनी लगेच मातीत रेघा ओढल्या. "दोन हजार प्राणी, दोन हजार आवळे! छे! ज्यांना गरज आहे, त्यांचीच करू."

गरज कुणालाच नव्हती. ससे म्हणाले, "आमच्या घराण्यात नाही हो असलं!" मागे त्यांची नव्वद पोरं खेळत होती. मोर म्हणाले, "आम्ही नुसते नाचतो." माकडं "शी!" म्हणाली आणि झाडावर चढून एकमेकांकडे बघत बसली.

शेवटी तिघे खुशीने आले. दीडशे वर्षांचं ब्रह्मचारी कासव, संन्यास घ्यायच्या बेतात असलेलं अस्वल, आणि गर्दी कसली ते बघायला आलेलं एक गाढव. तिघांची पानं हिरवीच राहिली.

"खर्च तीन आवळे, आजार शून्य!" कोल्हेसाहेबांनी जाहीर केलं. त्यांचा जंगी सत्कार झाला. हारतुऱ्यांना चारशे आवळे लागले.

रंभा रडकुंडीला आली. "आणि माझ्या बाळाचं काय?"

साळूबाईचे काटे रागाने उभे राहिले. ती म्हणाली, "उद्या करवंदीच्या जाळीमागे ये. कुणी विचारलं तर करवंदं तोडायला आले म्हणून सांग."

रंभाने हे फक्त एका मैत्रिणीला सांगितलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जाळीमागे ही भलीमोठी रांग! ससे, मोर, माकडं, सगळेच करवंदं तोडायला आलेले. करवंदांचा हंगाम केव्हाच संपला होता. रांगेच्या मध्यावर कोल्हीणबाई होत्या, आणि त्यांच्या मागे शेपटीत तोंड लपवून कोल्हेसाहेब.

"तुम्ही?"

"तू?"

पुढचं बोलणं, बाळांनो, तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

त्या दिवशी तीनशे पानं निळी झाली. रंभाचंही झालं. जंगलभर तीनशे तोंडं तीन दिवस वाकडी होती.

महिन्याने कोल्हेसाहेबांनी दरबारात अहवाल वाचला. "काटा टोचण्याआधी जंगलात आजार शून्य. टोचल्यावर तीनशे! महाराज, आजार साळूबाईच्या काट्यानेच पसरतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ससे सर्वांत जोरात डोलावत होते. विरोध करायचा तर आपण रांगेत होतो हे सांगावं लागलं असतं. साळूबाई हद्दपार झाली.

ती वेशीपर्यंत पोचली, तेवढ्यात मागून रंभा धापा टाकत आली. सोबत लटपटत्या पायांचं पाडस. ते टकामका साळूबाईकडे बघत होतं. रंभाला हसूही येत होतं आणि रडूही.

"बाळा, या मावशीला नीट बघून घे," ती म्हणाली. "ही परत दिसायची नाही."

तात्पर्य : आजार तपासणीमुळे होतो. जिथे कुणालाच तपासत नाहीत, ते जंगल ठणठणीत असतं. तिथे पिल्लं आंधळी जन्मतात, पण तेही सोयीचंच. अहवाल वाचणारं कुणी उरत नाही.