आप्पांचे सेल

आमच्या शेजारचे विश्वनाथ आप्पा कुणाच्याही घरी गेले, की पाणी पिण्याआधी भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवतात. मागून सेल काढतात, चष्मा कपाळावर सरकवून न्याहाळतात आणि घरच्यांना सांगतात, "सेल चुकलाय तुमचा."

सास्तूरला आमच्या गल्लीत यातून कुणाची सुटका नाही. घड्याळाला ताकद थोडी लागते, त्याला साधा सेल पुरतो. कॅमेऱ्याला अल्कलाइन पाहिजे, रोजच्या वापराला चार्जिंगचा. जुन्या सेलच्या जोडीला नवा घातलेला दिसला, की आप्पांचा पारा चढतो. "म्हातारा बैल न् खोंड एका जुवाला जुंपता का?" पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर तिथल्या रिमोटात दोन जातींचे सेल निघाले. आप्पांनी पोह्यांना हात लावला नाही. सोयरीक मोडता मोडता राहिली.

हे वेड लागलं ते काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, कानातल्या मशीनपायी. त्याचा सेल बटणाएवढा. पाठीवरचा कागद सोलला, की आत हवा शिरून तो जागा होतो. मग मशीन बंद ठेवलं तरी संपतच जातो. पण गेल्या वर्षापासून मशीन लावूनही काकूंना ऐकू येईना. आप्पांनी उमरग्याहून, सोलापूरहून सेल आणून बघितले. शेवटी मी दोघांना लातूरला नेलं. कानाची नसच गेलीय, आता मशीनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

काकू तिथंच बसल्या होत्या. काय म्हणाले, असं त्यांनी खुणेनं विचारलं. आप्पांनी खिशातला सेल काढून दाखवला आणि हात हलवला. हा चुकलाय.

येताना त्यांनी सेलचं नवं पाकीट घेतलं. आता कशाला, असं मी विचारलं.

"आणायचं थांबलो, तर तिला कळंल," आप्पा म्हणाले.

घरी आल्यावर ओसरीत बसून त्यांनी कागद सोलला, सेलला जरा हवा लागू दिली आणि मशीन काकूंच्या कानात बसवलं. येतंय का ऐकू, असं विचारलं. काकू त्यांच्या ओठांकडं बघत होत्या.

"व्हय, येतंय की. चांगलं येतंय."

आप्पा उठले. सदरा खुंटीला अडकवताना, पाठमोरेच, म्हणाले, "मग चहा टाकती का जरा?"

"सदरा कालच टाकला की धुऊन," काकू हसून म्हणाल्या.

आप्पांनी सदरा नीट अडकवला. मग चहा ठेवायला स्वतःच आत गेले.