सातवी ओळ

कोणतीही नवी विद्या शाळेत आणताना ती विद्यार्थ्यांपर्यंत एकदम पोहोचणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. संगणकशास्त्राच्या बाबतीत ही काळजी या शाळेने इतकी चोख घेतली की त्याची नोंद कुणीतरी करून ठेवायलाच हवी.

वरून परिपत्रक आले, की यंदापासून आठवीच्या मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी. त्यापाठोपाठ बारा कॉम्प्युटर आले. हेडसरांनी त्यांना निळ्या कापडाची आवरणे शिवून घेतली. आवरणे शिवणाच्या बाईंनी शिवली. शिवण हा विषय त्याच परिपत्रकाने बंद झाल्यामुळे बाई रिकाम्या होत्या, आणि कॉम्प्युटरच्या इतक्या जवळ शाळेतले दुसरे कुणी गेलेले नव्हते. त्यामुळे कोडिंग त्यांच्याकडे आले. निवड गुणवत्तेवरच झाली.

प्रयोगशाळेच्या दारावर रंगाऱ्याकडून फलक लिहून घेण्यात आला: 'प्रयोगशाळेचे सात नियम'. पादत्राणे बाहेर काढावीत. हात धुऊन, पुसून यावे (पुसणे महत्त्वाचे, ओले हात वाळेपर्यंत तास संपतो). आवरणाला हात लावू नये. कळफलकावर बोट नव्हे, नजर ठेवावी. प्रश्न वहीत लिहून ठेवावेत व शनिवारी एकत्रित विचारावेत (शनिवारी कोडिंगचा तास नसतो). ज्यांना वार्षिक परीक्षेत पन्नासपैकी पन्नास नाहीत त्यांनी कॉम्प्युटर सुरू असताना उंबऱ्याबाहेर उभे राहावे. मुले हे नियम रोज एका सुरात म्हणत, आणि हेडसर व्हरांड्यात उभे राहून समाधानाने ऐकत.

शेवटच्या नियमामागे मोठा विचार होता. वर्षातून एकदाच, पाहुण्यांसमोर, एक आवरण निघणार होते. पन्नासपैकी पन्नास मिळवणारा विद्यार्थी खुर्चीवर बसून वर्षभर शिकलेला प्रोग्राम चालवून दाखवणार होता. हा मान मिळवण्यासाठी वर्गातल्या त्रेचाळीस मुलांपैकी बेचाळीस जण अक्षर सुधारण्याच्या मागे लागले. उरलेली एक मुलगी प्रोग्राम समजून घेण्याच्या मागे लागली. तिला सगळे 'शंका' म्हणत. आपण लिहिलेले खरोखर चालते का, एवढे तिला एकदा बघायचे होते. बाकी काही नको होते.

प्रोग्राम तेराच्या पाढ्याचा होता. (पाढा सर्वांना तिसरीपासून पाठ होता, आता तो यंत्रालाही यावा, हा हेतू.) बाईंनी एका चोपड्यातून तो फळ्यावर उतरवायला घेतला. सहा ओळी झाल्या आणि घंटा वाजली. बाईंनी सवयीने खाली लिहिले, 'उर्वरित उद्या'. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली पुढच्या चार ओळी आल्या. अशा रीतीने दहा ओळींचा प्रोग्राम अकरा ओळींचा झाला, आणि त्यातली सातवी ओळ बेचाळीस वह्यांत सुवाच्य अक्षरात, समासाला धरून उतरली.

शंकाने शनिवारची वाट पाहिली नाही.

"बाई, ही सातवी ओळ कॉम्प्युटरला सांगायचीय की आम्हाला?"

बाईंनी फळ्याकडे पाहिले, मग वह्यांच्या गठ्ठ्याकडे. "तुम्हाला गं. पण आता उशीर झाला."

उशीर खरोखरच झाला होता. वर्गात ज्याला छापील अक्षरामुळे 'छापखाना' हे नाव पडले होते त्याची वही हेडसरांनी सकाळीच नमुना उत्तर म्हणून निवडली होती. तिच्यावर शाळेचा शिक्का बसला होता, आणि शिक्क्याची शाई वाळली होती.

वार्षिक परीक्षेत छापखान्याला पन्नासपैकी पन्नास मिळाले. शंकाने सातवी ओळ लिहिली नाही, म्हणून तिला एकोणपन्नास. शेरा होता: 'अपूर्ण'. वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला. यंत्राला हात न लावता हे यश मिळाल्याबद्दल शिक्षण कचेरीने शाळेचे लेखी अभिनंदन केले.

समारंभाच्या दिवशी कचेरीतले साहेब आले. फीत कापून पहिल्या कॉम्प्युटरचे आवरण काढण्यात आले. छापखाना खुर्चीवर बसला. कळफलकावर अक्षरे क्रमाने का लावलेली नाहीत, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. तरी त्याने चौतीस मिनिटांत अकराही ओळी उतरवल्या. सातवी त्याने कळफलकावर होती त्या इंग्रजी अक्षरांत लिहिली. मग बाईंनी दाखवलेली कळ दाबली.

पडद्यावर लाल अक्षरे आली: सातव्या ओळीत चूक.

हेडसर अनुभवी होते.

"बघा साहेब," ते म्हणाले, "यंत्र स्वतःहून सातव्या ओळीकडे लक्ष वेधतंय. आमच्या मते ती सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग इतरांनीही वाजवल्या.

"पण पाढा?" साहेब म्हणाले. "पाढा कुठाय?"

"ती ओळ काढा ना," उंबऱ्याबाहेरून आवाज आला. "तेवढीच काढा, बाकी सगळं बरोबर आहे."

"एकोणपन्नासवाल्यांनी मध्ये बोलायचं नाही," हेडसर म्हणाले.

इथे शिवणाच्या बाई पुढे झाल्या. वर्षभर त्यांनी कोडिंगबद्दल एकही वाक्य आत्मविश्वासाने उच्चारलेले नव्हते. पण समोर जे दिसत होते त्याची त्यांना वीस वर्षांची ओळख होती.

"सर, टीप चुकलीय. माझीच चुकलीय," त्या म्हणाल्या. "जिला दिसली तिलाच उसवू द्या. ये गं, आत ये."

शंका हात फ्रॉकला पुसत आत आली. अकरा अक्षरे आणि मधली एक मोकळी जागा, असे बारा वेळा तिने बोट दाबले. उरलेली रिकामी ओळ तिने तशीच ठेवली. मग कळ दाबली.

पडद्यावर तेरा उमटले. मग सव्वीस. मग एकोणचाळीस. व्हरांड्यातून कुणीतरी "तेरा एके तेरा" सुरू केले आणि चाळीसच्या वर पोरे यंत्राच्या मागे धावत पाढा म्हणू लागली. यंत्र एकशे तीसवर थांबले होते, तरी पोरांनी शेवटचे 'एकशे तीस' दोनदा म्हटले. साहेबांचेही ओठ हलत होते, असे बाई सांगतात. साहेबांच्या अहवालात तसा उल्लेख नाही.

अहवालात तीन गोष्टी आहेत. एक: परीक्षा झालेली असल्यामुळे नमुना उत्तर बदलता येणार नाही. पुढील वर्षापासून ते सर्व शाळांना पाठवावे. दोन: कॉम्प्युटर अभ्यासक्रमाशी अद्याप पूर्णपणे जुळवून घेत नाही. त्याला आणखी एक वर्ष संधी द्यावी. तीन: प्रोग्राम यशस्वीपणे चालवल्याबद्दल छापखान्याचे अभिनंदन.

आवरण पुन्हा घालताना बाईंनी शंकाला हाक मारली. "वाईट वाटलं का गं? नाव त्याचं लागलं."

"चालला ना पण?"

"चालला."

"मग झालं तर." ती दाराशी जाऊन थांबली. "बाई, आज बाहेर तासभर उभी होते ना, तेव्हा फलक वाचला. सातवा नियम कुठाय?"

बाई बाहेर आल्या. दोघींनी बोट लावून मोजले. नियम सहाच होते. रंगाऱ्याची फलकावरची जागा संपली होती आणि तो उर्वरित उद्या लिहितो म्हणून गेला होता. त्रेचाळीस मुले वर्षभर सात नियम रोज म्हणत होती. हेडसर ऐकत होते. साहेबांनी त्या फलकाखाली उभे राहून फोटो काढून घेतला होता.

फलकावरचा मजकूर वर जसाच्या तसा दिला आहे. आपण तो वाचला, मुलांना मनातल्या मनात हसलात, आणि पुढे गेलात. आपल्याला पन्नासपैकी पन्नास. आत येऊन बसायला हरकत नाही. फक्त कशाला हात लावू नका.