खरंच दुखणार

ऑर्डर बायकोची होती, पिशव्या बायकोच्या होत्या आणि मशिनवर वाकून वाकून पाठही बायकोचीच मोडली होती. भाऊसाहेबांचा या सगळ्याशी संबंध एवढाच, की ते त्या वेळी घरात होते. निवृत्त माणसाचा तोच मुख्य दोष असतो.

ऑफिसातले सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. आलेल्या आणि जाणाऱ्या टपालावर शिक्के मारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. "माझ्या उजव्या हाताला नोकरी लागली होती," ते स्वतःच सांगत, "बाकीचा मी त्याच्यासोबत जात होतो." बायको कापडी पिशव्या शिवून विकायची, म्हणून आसपासचे लोक तिला पिशवीताई म्हणत. आजवर कुणी दोन न्यायचं, कुणी चार. पण आता दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी एकदम शंभर सांगितल्या होत्या. त्यांचा नवा दवाखाना परवा उघडणार होता. येणाऱ्या प्रत्येकाला एक पिशवी द्यायची, पिशवीवर एक दाढ आणि दाढेखाली तीन शब्द : 'खरंच दुखणार नाही'.

"छपाईला बाहेर देते," बायको म्हणाली.

"बाहेर? अगं, घरात शिक्क्यांचा माणूस असताना?"

"तुम्ही शिक्के मारायचात. बनवायचा नाहीत."

"ज्याला मारता येतो त्याला बनवताही येतो."

"जेवता तर तुम्ही रोज. येतो का स्वयंपाक?"

भाऊसाहेबांनी पायात चपला सरकवल्या. ते सरळ बाजारात गेले आणि मऊ रबराची वडी, बारीक कोरण्या, कापडावर चालणारी शाई आणि एक मोठं स्टॅम्प पॅड घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, "नातवाच्या शाळेसाठी का?" भाऊसाहेब "हो" म्हणाले. त्यांना नातू नव्हता, पण खरं कारण सांगितलं असतं तर दुकानदारानं सामान परत ठेवून घेतलं असतं, असं त्यांना वाटलं.

बायकोनं सामान पाहिलं आणि मशीन थांबवलं. "हे बघा, ही माझी पहिली मोठी ऑर्डर आहे. ही नीट गेली तर पुढच्या येतील. नाही गेली तर पुन्हा आहेच, दोन घ्या आणि चार घ्या."

"अगं, मी आहे ना."

"म्हणूनच सांगतेय."

शिक्का कोरायची रीत भाऊसाहेबांनी मोबाईलवर पाहून घेतली होती. बटर पेपरवर पेन्सिलीनं चित्र काढायचं, तो कागद रबरावर पालथा घालायचा आणि चमच्याच्या पाठीनं घासायचं. चित्र रबरावर आपोआप उलटं उतरतं आणि छापलं की सुलटं येतं. इथे भाऊसाहेबांची बुद्धी आड आली. शिक्का उलटा असतो हे ऑफिसात शिपायालाही ठाऊक होतं, मग त्यांना कसं ठाऊक नसणार? त्यांनी बटर पेपरवरच अक्षरं उलटी काढली, कागदानं ती पुन्हा उलटवली आणि रबरावर सगळं अगदी सुवाच्य उमटलं. भाऊसाहेबांनी ते मन लावून कोरलं आणि रद्दी पेपरवर छापलं.

कॉलेजला निघालेली मुलगी वाकून बघू लागली. "बाबा, ही कुठली भाषा?"

"आरशात बघ."

"म्हणजे प्रत्येक पिशवीबरोबर एक आरसा द्यायचा?"

"मुलीनं बापाला इतकं हसू नये," भाऊसाहेब म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले. "ऑफिसात बरं होतं. तिथे माझी अक्कल वापरायला बंदी होती."

मुलगी गेली. वडीतलं अर्धं रबर वाया गेलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर दाढ बसली, 'खरंच दुखणार' बसलं आणि जागा संपली. भाऊसाहेबांनी वाया गेलेल्या रबराच्या कडेचा एक तुकडा कापला, त्यावर 'नाही' वेगळं कोरलं आणि दोन्ही तुकडे एका लाकडी ठोकळ्यावर डिंकानं चिकटवले. या वेळी छाप सुलटा आला.

बायकोनं तो उजेडात धरला. "अक्षरं बरी आलीत. दाढ जरा पसरलीय ना?"

"पोसलेली दाढ आहे."

"असू दे. मी पुढच्या पिशव्यांसाठी बंद आणि दोरा आणायला चाललेय. हलक्या हातानं दाबा हं. आपटू नका. मऊ रबर आहे ते."

पहिल्या काही पिशव्यांवर भाऊसाहेबांनी शिक्का असा ठेवला, जसं झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं. पण थोड्याच वेळात हाताला जुनी लय सापडली. पॅडवर टक, पिशवीवर धप्प. टक, धप्प. टक, धप्प. डावा हात छापलेली पिशवी बाजूच्या ढिगावर पालथी टाकत होता आणि पुढची ओढत होता. डोळे खिडकीबाहेर होते. भाऊसाहेबांना नोकरी सुटल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. मधेच त्यांनी घाम पुसला, पाणी प्यायला आधी फ्रिज, मग माठ उघडला, दार लोटून वारा घेतला आणि पुन्हा येऊन बसले. टक, धप्प.

कापडावरची शाई पक्की व्हायला इस्त्री फिरवावी लागते आणि ती छापावर नाही, कापडाच्या मागच्या बाजूनं. हा नियम भाऊसाहेबांनी तंतोतंत पाळला. पिशव्या पालथ्याच होत्या, त्या तशाच पालथ्या ठेवून त्यांनी एकूण एक पिशवीला कडक इस्त्री केली. आता ती शाई धुवून, घासून, उकळूनही निघणार नव्हती.

मुलगी परत आली तेव्हा ते ढिगाशेजारी हाताची घडी घालून उभे होते.

"बाबा, तुमच्या कपाळावर 'नाही' असं का लिहिलंय?"

"काय?"

"आणि दारावर पण आहे. आणि फ्रिजवर." ती घरभर फिरून आली. "पाण्याच्या माठावर पण 'नाही' आहे. पाणी आहे की त्यात."

भाऊसाहेबांनी उजवा हात उलटा केला. मनगटाच्या खाली, डिंकासकट, 'नाही' चिकटलं होतं. शिक्का आपटता आपटता तो तुकडा सुटला होता, हाताला लागला होता आणि पॅडवर हात टेकेल तशी नवी शाई घेऊन, हात लागेल तिथे नकार देत हिंडला होता. भाऊसाहेबांना आधी त्यातली गंमत दिसली. मग ढीग दिसला.

मुलीनं वरची पिशवी उलटली. तिच्यावर 'खरंच दुखणार' असं होतं. दुसरीवर 'खरंच दुखणार'. तिनं मधली ओढून पाहिली, तीही दुखणारच होती. सगळ्यात तळाच्या पाच-सहा पिशव्या तेवढ्या दुखणार नव्हत्या.

"आणि बाबा, ही दाढ आहे?"

जोरात आपटल्यामुळे मऊ रबर पसरलं होतं आणि दाढेच्या आतल्या नाजूक रेषा शाईनं बुजून गेल्या होत्या. वर एक सपाट पट्टा उरला होता आणि खाली दोन रुंद पाय. भाऊसाहेबांनी मान तिरकी करून पाहिलं, मग सरळ करून पाहिलं. कशीही पाहिली तरी ती चड्डीच होती.

तेवढ्यात बायको आली. तिनं एक पिशवी हातात घेतली, वाचली, खाली ठेवली. दुसरी घेतली. मग पिशव्यांच्या ढिगाशेजारीच जमिनीवर बसली. ती ओरडली असती तर भाऊसाहेबांना परवडलं असतं. त्यासाठी त्यांनी मनात दोन-तीन विनोदही तयार ठेवले होते. पण ती नुसती पिशवीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. शिवण अगदी सरळ होती.

"माझं चुकलं," भाऊसाहेब म्हणाले. "तू बाहेर देणार होतीस. मीच मधे तडमडलो. डॉक्टरीणबाईंना मी फोन करतो, काय झालं ते सांगतो."

"त्या यायला निघाल्यात," बायको म्हणाली. "वाटेत फोन आला होता. बघून जाते म्हणाल्या."

ती म्हणेपर्यंत दारावरची बेल वाजलीच.

डॉक्टरीणबाईंबरोबर एक आडदांड माणूस होता. त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याची जिम होती आणि पिशव्या न्यायला तो आपली गाडी घेऊन आला होता. डॉक्टरीणबाईंनी आधी भाऊसाहेबांच्या कपाळाकडे पाहिलं.

"झाल्या का पिशव्या?"

कपाळावरचं उत्तर त्यांनी वाचलंच होतं. भाऊसाहेबांनी मुकाट्यानं एक पिशवी पुढे केली.

"ही चड्डी कोणाची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दाढ आहे ती," भाऊसाहेब म्हणाले. "होती. सगळी चूक माझी आहे, हिची काही नाही. हिनं शिवलंय ते बघा, एक टाका वाकडा नाही. मी फक्त त्यावर हात चालवला."

"आणि खाली लिहिलंय खरंच दुखणार!" डॉक्टरीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, आधीच लोक दातांच्या डॉक्टरकडे पाय ओढत येतात. त्यात ही पिशवी हातात दिली तर दारातूनच पळतील."

जिमवाला मात्र पिशवी हातात घेऊन केव्हाचा उभा होता. त्यानं ती छातीशी धरली, लांब धरली, पुन्हा वाचली.

"ताई," तो बायकोला म्हणाला, "या सगळ्या मला द्या."

"कशाला?"

"कशाला काय? चड्डी आहे, खाली 'खरंच दुखणार' आहे. माझ्याकडे पहिल्या दिवशी येणाऱ्याला मी हेच सांगतो. नाही दुखलं तर व्यायाम कसला? आणि ही शाई अशी फुटलीय ना, ती तर झकासच. मशीनला असं जमत नाही. अजून शंभर लागतील. पण अशाच पाहिजेत हां, अशीच चड्डी."

बायको भाऊसाहेबांकडे बघू लागली. लग्न झाल्यापासून तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं आणि ते कौतुक होतं की धक्का, हे भाऊसाहेबांना ठरवता येईना.

मग ती उठली आणि तिनं कारभार हातात घेतला. तळाच्या पाच-सहा तिनं बाजूला काढल्या, बाकी सगळ्या जिमवाल्याच्या गाडीत गेल्या. डॉक्टरीणबाईंना उद्घाटनापुरत्या परवा सकाळी द्यायच्या, उरलेल्या पुढच्या आठवड्यात, असं ठरलं. "आणि दाढेचा शिक्का मी बाजारातून करून घेईन," असं तिनं डॉक्टरीणबाईंना दोनदा सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते तिसऱ्यांदा वदवून घेतलं आणि मगच त्या गेल्या.

"मग मी काय करू?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तुम्ही चड्डी कोरा. ती तुम्हाला येते."

जुना शिक्का आपटून आपटून मधोमध चिरला होता, त्यामुळे नवा करणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊसाहेब रबराची नवी वडी घेऊन बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हातच्या कामाला मागणी आली होती आणि ते जीव ओतून करायचं असं त्यांनी ठरवलं होतं. अक्षरं नंतर कोरायची होती, आधी नुसतं चित्र; ते त्यांनी बटर पेपरवर या वेळी पहिल्यापासून सुलटं काढलं. कोरणी जपून फिरवली. पट्ट्याला थोडा बाक दिला, पायांना जरा आकार दिला, मधे दोन सुरकुत्या कोरल्या. आणि छापताना शिक्का आपटला नाही, हलक्या हातानं चारी बाजूंनी दाबला.

छाप स्वच्छ उमटला. मुलीनं खांद्यावरून पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "ही दाढ आहे."

बायको शिवता शिवता उठून आली. तिनं कागद उजेडात धरला. शंकाच नव्हती. दोन मुळं, वर दोन उंचवटे, मधे बारीक खाच. इतकी देखणी दाढ खुद्द डॉक्टरीणबाईंच्या तोंडातही नसेल. तिनं शिक्का भाऊसाहेबांच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या मशिनशेजारी ठेवला.

"ही मी डॉक्टरीणबाईंच्या पिशव्यांना वापरते. आता बाजारात जायला नको."

"अगं, पण मग चड्डीचं काय? जिमवाल्याला काय सांगू?"

बायकोनं रबराची उरलेली वडी त्यांच्यापुढे सरकवली.

"चड्डी हवी असेल तर दाढ कोरायला बसा."