सैल तार

मनीषनगरातील दोन घरांच्या सामाईक भिंतीलगत उभा असलेला जुना कडुनिंब मधोमध उकलत चालला होता. पुरुषभर उंचीवर त्याचे दोन भाग झाले होते. एक मोठी फांदी प्रेमानंद यांच्या गच्चीकडे गेली होती, दुसरी शालिकराम यांच्या. दोहोंच्या बेचक्यात बोट जाईल एवढी भेग पडली होती.

झाड तोडावे, असे शालिकराम यांचे मत होते, कारण त्यांच्या फांदीखाली त्यांची नवी गाडी उभी असे. झाड राहावे, असे प्रेमानंद यांचे मत होते. ते भौतिकशास्त्राचे निवृत्त अध्यापक असल्यामुळे त्यांनी कारणही दिले होते : मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर सावली असली, तर एका कूलरवर घराचे भागते. जिव्हाळ्याचा यात काहीही संबंध नाही, हे त्यांनी पत्नी मेघाला, तिने विचारलेले नसताना, अनेकदा सांगितले होते.

उपायही त्यांनीच काढला. दोन्ही फांद्या वरच्या बाजूस पोलादी तारेने एकमेकींना जोडायच्या, म्हणजे वादळात त्या फाकणार नाहीत. मात्र त्यासाठी शालिकराम यांची फांदी लागणार होती. शालिकराम कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा व्यापार करीत, आणि कोणताही व्यवहार ते दुसऱ्या बाजूने तपासून पाहत.

"म्हणजे तुमची फांदी माह्या फांदीच्या भरवशावर उभी राहीन," ते म्हणाले. "माह्या फांदीनं हे काहून सहन करावं?"

"तुमची फांदीबी माह्या फांदीले तेवढ्याच जोरानं धरून राहीन. हा नियम आहे, माहं मत नाही."

शालिकराम यांनी नियम मान्य केला. अट घातली ती समानतेची. तार ताणण्याचा आणि सोडण्याचा पेच प्रेमानंद यांच्या टोकाला बसणार असेल, तर तसाच दुसरा त्यांच्याही टोकाला बसला पाहिजे. या अटीवरून इतका वाद झाला, की पेच दोन बसले, परंतु घरांमधील बोलणे बंद झाले.

तार किंचित झोल ठेवून बांधण्यात आली. हे हेतुपुरस्सर होते. एरवी फांद्यांनी मोकळे डोलावे, कारण डोलण्याने लाकूड बळकट होते; तारेने केवळ वादळात भार घ्यावा. प्रेमानंद यांनी हे तत्त्व तार बांधणाऱ्या कामगारांना, मेघाला आणि दूधवाल्याला समजावून सांगितले. शालिकराम यांना सांगण्याचा प्रश्न नव्हता, कारण बोलणे बंद होते.

काही दिवसांनी प्रेमानंद गच्चीवर गेले, तर तार ताठ. त्यांनी शिस्तीने विचार केला. उन्हाने पोलाद लांबते. म्हणजे तार उलट अधिक सैल पडायला हवी. ती ताठ होते, याचा अर्थ फांद्या एकमेकींपासून दूर जात आहेत. त्यांनी आपल्या टोकाचा पेच थोडा सोडला. दुसऱ्या दिवशी तार पुन्हा ताठ. त्यांनी पुन्हा पेच सोडला. असे होता होता एका दुपारी त्यांच्या पेचाचे आटे संपले.

पुरावा आपल्या इच्छेविरुद्ध असला तरी तो पुरावाच असतो, असे त्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवले होते. त्यांनी झाडे तोडणाऱ्या माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावले, मेघाने वाढलेले ताट तसेच ठेवले आणि ही गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगण्यासाठी शालिकराम यांच्या घरी गेले.

"उद्या माणसं येऊन राहिली," ते दारातच म्हणाले. "झाड तोडायले. तुमचं बरोबर होतं."

शालिकराम चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"काहून जी? आता तं ते जुळून राहिलं."

"जुळून?"

"मी रोज पाहतो नं. तार रोज ढिली होते. म्हणजे फांद्या जवळ येऊन राहिल्या. एवढं तं मलेबी समजते. मी आता गाडी परत झाडाखाली लावून राहिलो."

"शालिकरामभाऊ, तार ताठ होऊन राहिली. फांद्या फाकून राहिल्या."

यावर बसून निर्णय होणे शक्य नव्हते. दोघे शालिकराम यांच्या गच्चीवर गेले. तेथे शालिकराम यांची पत्नी मैनाबाई पापड वाळत घालत होत्या. प्रेमानंद यांनी या टोकाचा पेच प्रथमच जवळून पाहिला. त्याचे सर्व आटे आत गेले होते. त्यांच्या स्वतःच्या पेचाचे सर्व आटे बाहेर आले होते. फांद्या जिथल्या तिथे होत्या. तार तेवढी एका घरातून दुसऱ्या घरात सरकली होती.

"हा पेच कोणी कसला?"

"मी," शालिकराम म्हणाले. "ढिली होती ते. आमच्या बाबाच्या हातमागावर असा ढिला ताणा राह्यला असता, तं बाबा जेवले नसते."

"ढिलीच ठेवाची असते ते."

"मंग हे मले काहून नाई सांगतलं?"

प्रेमानंद पेचाचे आटे पुन्हा मोजू लागले.

"सकाळी हे इकडून कसत, दुपारी सर तिकडून सोडत," मैनाबाई पापड उलटत म्हणाल्या. "मले वाटलं, दोघांनी काम वाटून घेतलं."

प्रेमानंद यांनी परिस्थितीचा आढावा घेतला. झाड फाकत असल्याचा पुरावा आता नव्हता, आणि जुळत असल्याचाही नव्हता. सकाळी माणसे येणार होती. त्यांनी घरून सूक्ष्मदर्शकाची एक पातळ काचपट्टी आणली आणि भेगेवर आडवी चिकटवली. भेग केसभर जरी रुंदावली, तरी काच तडकेल; तडकली तर झाड जाईल. तार पूर्ववत सैल करण्यात आली, आणि यापुढे पेचांना कोणीही हात लावायचा नाही, असे ठरले. शालिकराम यांनी हे मान्य केले, परंतु तारेच्या झोलाकडे पाहणे त्यांना जमेना.

त्याच संध्याकाळी खापा गावाच्या बाजूने आभाळ काळे झाले आणि वादळ सुटले. दोघेही आपापल्या गच्चीवर धावले. जिन्यातून मेघाने खाली येण्यास बजावले, पलीकडून मैनाबाईंनीही. कोणी ऐकले नाही. फांद्या वाकल्या, पत्रे वाजले, पापडांपैकी काही प्रेमानंद यांच्या अंगणात आले. दोघे आपापल्या पेचाशेजारी कठड्याला धरून उभे राहिले आणि जागचे हलले नाहीत.

वारा पडल्यावर चौघे बेचक्यापाशी गेले. काचपट्टी अखंड होती. प्रेमानंद यांनी ती दोनदा तपासली आणि तेथूनच फोन करून सकाळी येणाऱ्या माणसांना नको म्हणून सांगितले. बोलताना त्यांचा आवाज थोडा बदलला, तो वाऱ्यातील धुळीमुळे, असे त्यांनी स्पष्ट केले.

"मंग तारेनं काम केलं का?" मेघाने विचारले. "वादळात ताणली न् परत ढिली झाली का?"

प्रेमानंद काचपट्टी तिसऱ्यांदा तपासू लागले. शालिकराम भिंतीकडे पाहू लागले.

"दोघंबी वरतेच होते नं?" मैनाबाई म्हणाल्या.

"होतो," शालिकराम म्हणाले. "पण मी सरच्या हाताकडे पाहून राह्यलो होतो."

प्रेमानंद यांनी घसा साफ केला.

"मी यांच्या," ते म्हणाले.